पार्वतीचा अंगठा

वीर स्टेशनवर उतरून महाडच्या रिक्षात बसले आणि फोन वाजला. पार्वतीचा मुलगा, मुंबईहून. "बाई, आई गेली..." एवढंच म्हणाला. त्याला महिना होऊन गेला, पण अजून रिक्षात बसलं की मी आधी फोन बंद करते.

पार्वती आंबेनळी घाटाखालच्या वाडीतली. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते, तेव्हा संध्याकाळी बायकांना सही शिकवायचे. ही सगळ्यांत चिवट. कुणी अंगठेबहाद्दर म्हटलं की तिच्या मस्तकात जायचं. सही जमली त्या दिवशी म्हणाली, "बाई, आता मरेपर्यंत अंगठा लावायची नाय." बँकेत खातं उघडताना अशा काही ऐटीत सही केली की मॅनेजरही हसला. मग काय, बाई सुटलीच! रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून, सालं रसात बुडवून, वाळवून आमसुलं करायची आणि मुंबईच्या दुकानांत धाडायची. वाडीतल्या बायका हाताशी घेतल्या. धंद्याचा पैसा वेगळा, घरखर्च वेगळा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. हात मात्र सदा लाल.

अडायचं एकाच ठिकाणी. मे अखेरीस पाऊस आला की अंगणातलं वाळवण मातीत. वाळवायचं यंत्र हवं होतं, त्यासाठी कर्ज. आम्ही दोघी बँकेत गेलो, तर तिथला साहेब म्हणाला, "सही चालणार नाही, मावशी. आधार तपासायचंय, मशीनवर अंगठा लावा." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लावला. ठसा उठेना. दुसरा, मग सगळी बोटं... आंबट रसाने रेषाच खाऊन टाकलेल्या. मोबाइलवर ओटीपी मागवू म्हणावं, तर आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि तो मुंबईत कामावर, फोन उचलेना. "बोटं बरी झाली की या," म्हणे! डोकंच फिरलं माझं. भांडले, पुढे मुलाला फोनवर घेऊन किती खेपा घातल्या... त्यांचं आपलं एकच, ओटीपी नको, अंगठाच हवा, आणि तो मशीन घेत नाही. एकदा परतताना पोलादपूरच्या स्टँडवर ती म्हणाली, "इतकी वर्सं मी अंगठ्याला नाय म्हटलं, आता त्यो मला नाय म्हनतो." आणि हसली. मला नाही हसू आलं.

पुढच्या पावसात तिने आमसुलं चुलीच्या धगीवर वाळवली. धुराचा वास लागला, दुकानांनी माल परत केला, बायका घरी बसल्या. त्या धुराने तिच्या छातीत बसलेला खोकला काही हटला नाही. या वर्षी तर रातांब्याला हातच लावला नाही तिने. हातांना आराम दिला की रेषा परत येतील, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी गेले की बोट उजेडात धरायची. "बघा ना बाई, दिसतंय का काय?" काहीच दिसायचं नाही. झाडांखाली रातांबे कुजून गेले, आणि तीही गेली.

तिने दिलेली शेवटची बरणी माझ्या स्वयंपाकघरात आहे. आमसुलं केव्हाच संपली. पांढऱ्या झाकणावर तिचा लाल अंगठा उमटलाय. गुळगुळीत, एक रेष नाही त्यात. तरी तो कुणाचा, ते मला विचारा...