बर्फावरचे थोर दहा

बर्फावरच्या हॉकीत आजवरचा सगळ्यात थोर खेळाडू कोण, हा प्रश्न जगात अजून कोणाला सुटलेला नाही म्हणतात. मलकापुरात तो सुटला. आम्ही तिघांनी सोडवला, तोही एप्रिलच्या उन्हात, चाचांच्या खाटेभोवती बसून. तिघांपैकी एकानेही तो खेळ जन्मात समोर पाहिलेला नव्हता. पण बर्फ पाहिलेला होता, आणि इतका पाहिला होता की तेवढा त्या खेळाडूंनी तरी पाहिला असेल का, मला शंका आहे.

आम्ही बर्फाच्या कारखान्यातली माणसं. मी टेंपोवाला. माझ्या टेंपोनं बर्फाच्या लाद्या पार देऊळगाव राजापर्यंत नेल्या, लग्नांना, रसवंत्यांना, गोळेवाल्यांना. एकदा दुसरबीडजवळ टायर फुटला, तर मी टायर बदलेपर्यंत अख्खं गाव पेले घेऊन आलं आणि सरबत करून पिऊन मोकळं झालं. लग्नघरी मी फक्त लाद्यांभोवतीचा ओला भुसा पोचवला, आणि तिथल्या लोकांनी तोही गार आहे म्हणून डोक्यावर ठेवून घेतला. दुसरा आमचा ऑपरेटर. ज्यात लाद्या गोठतात त्या मिठाच्या पाण्याचं तापमान दर तासाला वहीत लिहिणारा, कमी बोलणारा माणूस. रिटायर झाला तरी वही खिशातच. बायकोशी भांडण सुरू करायच्या आधीही हा घड्याळ पाहतो, अशी त्याची ख्याती. आणि तिसरे चाचा.

चाचांचं काम लाद्या सरकवण्याचं. साच्यातून निघालेली दीड क्विंटलची लादी लोखंडी आकड्यानं ओल्या फरशीवरून अशी सोडायची, की ती आपली आपण टेंपोच्या तोंडाशी येऊन थांबावी. बाकीचे लादी ढकलायचे, चाचा तिला नुसतं सांगायचे. एकदा एक मुंगी लादीवर बसून टेंपोपर्यंत आली, आरामात उतरली आणि पुढच्या लादीसाठी चालत परत गेली. ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चाळीस वर्षं हा माणूस रबरी चपला घालून त्या निसरड्यावर वावरला आणि एकदाही पडला नाही. माझी बाकीची वाक्यं तुम्ही निम्मी करून घ्या, हे मात्र पूर्ण घ्या.

आणि हा माणूस यंदा मार्चमध्ये स्वतःच्या अंगणात पडला. कोरड्या फरशीवर, भर सकाळी, हातात चहाचा रिकामा कप. कपाला काही झालं नाही. चाचांचा खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. डॉक्टरनं बजावलं, की वॉकर धरून रोज चालायचं; महिनाभर असेच पडून राहिलात तर पाय आखडेल, मग खाट ती खाटच. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. वॉकर कोपऱ्यात उभा राहिला. चार-आठ दिवस वाट पाहून चाचींनी त्याच्यावर ओले कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

दुखत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा चाचा एकदाच बोलले, तेही भिंतीशी. "बर्फावर पडलो असतो तं चार लोकाईले सांगता आलं असतं बे. कोरड्यावर पडलो. आता कोणतं तोंड घेऊन उभा राहू?"

मी रोज दुपारी जाऊन बसायचो. माझ्याजवळ औषध एकच, थापा. तीस वर्षं चाचांनी माझी एकही थाप सुखानं जाऊ दिली नव्हती; दर वाक्याला माझी मान पकडायचे. एके दिवशी मी सांगितलं, की स्टेशनावर मालगाडीचं इंजिन उन्हानं बेशुद्ध पडलं आणि मी त्याच्या कपाळावर अर्धी लादी ठेवली तेव्हा कुठं त्यानं शिटी मारली. चाचा म्हणाले, "हाव." बस, नुसता होकार. इंजिनाला कपाळ कुठं असतं, हेसुद्धा विचारलं नाही. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

हॉकी आली ती फोनमधून. परदेशातले बर्फाचे कारखाने कसे असतात ते मी कधीतरी पाहिलं होतं, तेव्हापासून फोनचा समज झाला की ह्या माणसाला बर्फाशिवाय दुसरं काही नको. एका दुपारी त्यानं आपणहून हॉकी लावली. पंधरा-वीस गडी पायाला पात्या बांधून, हातात वाकड्या काठ्या घेऊन, एका काळ्या चकतीमागे एकमेकांना धडकत होते. मी आवाज मोठा केला. भिंतीकडचं डोकं हळूच इकडे वळलं.

चाचांनी खेळाडू पाहिलेच नाहीत, आधी बर्फ पाहिला. लादी केवढी जाड असेल, इतकी पांढरी कशी, लोक आत बसलेत तर वितळत काऊन नाही. मी म्हटलं, पाच फूट तरी जाड असणार, खाली हत्ती गोठवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर सगळी माहिती काढून आला. खाली गार नळ्या असतात आणि वर बर्फ जेमतेम एक इंच. चाचांना तो आपल्या धंद्याचा अपमान वाटला. एका इंचावर नाचणाऱ्यांना जग डोक्यावर घेतं, म्हणाले, आणि तीन फुटी लादीवाल्याला कोणी चहा विचारत नाही.

मग एक व्हिडिओ लागला. टाय घातलेला एक माणूस आजवरचे थोर दहा खेळाडू क्रमानं सांगत होता. इंग्रजी आम्हाला बेताचंच, पण आकडे कळत होते. चाचांनी दहाही पाहिले आणि निकाल दिला, की ह्या टायवाल्यानं उभ्या जन्मात बर्फ हातात धरलेला नाही. यादी आपण करायची. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी खाटेसमोरच्या भिंतीवर लावलं. खेळाडूंची नावं आमच्या जिभेला झेपेनात, म्हणून आम्ही नवीन बारसं केलं. एक दातपडक्या, एक लांबट, एक मुसळ्या, कारण तो काठी उखळात हाणल्यासारखी हाणायचा. एक नाच्या. हा गोल केला की कंबर हलवायचा. चाचांना तो डोळ्यांसमोर नको असे.

ऑपरेटरचं म्हणणं, गोल मोजा आणि मोकळे व्हा. चाचा म्हणाले, गोल जाळीत जातो, आपल्याले बर्फावरचं पाह्यचं हाय. ते डोळे मिटून फोन कानाला लावायला सांगायचे आणि नुसता पायांचा आवाज ऐकायचे. ज्याच्या पायाखाली बर्फ खरवडल्यासारखा ओरडतो, तो घाबरट, त्याला खाली ढकल. ज्याचा आवाज मांजरपाट फाडल्यासारखा सरळ जातो, त्याला वर घे. खेळ मध्ये थांबला की एक मोठी गाडी बर्फावर यायची, पाणी सोडत, ओरखडे बुजवत, आरशासारखा बर्फ मागे ठेवत सावकाश फिरायची. तेवढा वेळ आम्हाला खोकायचीही बंदी होती.

सगळं छान चाललं होतं, पण चाचांनी एक नियम घातला. जो पडला, तो बाद.

पहिल्या दिवशी तिघं गेले. दुसऱ्या दिवशी मुसळ्या आणि लांबट. बर्फावर पडत नाही असा एकही खेळाडू त्या देशात जन्मलेला नसावा. चौथ्या दिवशी दातपडक्या तोंडावर आपटला आणि यादीतल्या दहाही नावांवर काट बसली. चाची चहा घेऊन आल्या, भिंतीकडे पाहून सहज म्हणाल्या, "दहाच्या दहा नापास केले. आता तुमच्यावर बी मारा एक काट."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. चाचा पुन्हा भिंतीकडे वळले. पडल्याला तेवीस दिवस झाले होते.

दोन दिवस मी फोन खिशातून काढला नाही. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर आला, खुर्ची ओढून बसला, वही उघडली आणि तापमान वाचावं तसं वाचायला लागला. "मुसळ्या, उठायला तीन सेकंद. लांबट, चार. पुन्हा लांबट, तीन. दातपडक्या, दोन." घरी बसून त्यानं आमचे सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले होते आणि एकेकाचं पडणं लिहून त्यापुढे उठायला लागलेला वेळ मांडला होता. पान उलटून वाचत राहिला.

मग भिंतीकडून आवाज आला. "दातपडक्या दोन?"

"दोन."

"खोटं हाय. दाखव."

मी दाखवलं. चाचा म्हणाले, मांगं घे. मी मागे घेतलं. तो एक पडलेला माणूस आम्ही सतराशे साठ वेळा उठवला. चाचांना वेळेशी देणंघेणं नव्हतं, रीत पाहायची होती. आधी कोणता गुडघा घेतो, काठी कुठं टेकवतो, मान वर कधी येते. म्हणाले, पाहा, हा हातावर भार टाकतच नाही, आधी पाय पोटाखाली घेतो, मंग बाकीचं आपोआप येतं. आणि ते हे समजावत असताना चादरीखाली त्यांचा ऑपरेशनचा गुडघा वर येत होता आणि खाली जात होता. ऑपरेटरनं ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघंही छताकडे पाहायला लागलो.

नवी यादी उठण्याच्या हिशेबानं लागली. पहिल्या जागेवरून मात्र भांडण झालं. चाचांना तिथं ती बर्फ सारखा करणारी गाडी चालवणारा माणूस हवा होता. ऑपरेटर म्हणाला, तो खेळाडूच नाही, यादी वाया जाईल. दोघंही हटेनात, म्हणून जागा कोरी ठेवली.

त्या कोऱ्या जागेवर मी डोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी यादी कोऱ्या पानावर सुवाच्य उतरवली आणि खोलीत न लावता बाहेर ओसरीच्या भिंतीवर लावली, खाटेपासून दहा-बारा पावलांवर. पहिल्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं, नाच्या. आणि बाहेरूनच सगळी यादी वाचून दाखवली.

आतून हुकूम आला, की कागद आत आण. मी म्हटलं, चाचा, कणकेच्या खळीनं चिकटवलाय, निघत नाही, भिंत सोबत येईल. चाचांनी ऑपरेटरला विचारलं, खरं काय हे? ह्या माणसानं आयुष्यात कधी एक अंश खोटा लिहिलेला नाही. त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पक्की चिकटली हाय, चाचा."

चाची कोपऱ्यात गेल्या. वॉकरवरचा एकेक कपडा उचलून हातावर घेतला आणि वॉकर खाटेजवळ आणून ठेवला.

चाचांनी आधी चांगला पाय खाली सोडला, मग दुसरा. हातावर भार टाकला नाही. पाय अंगाखाली घेतला, मान वर आली, आणि बाकीचं आपोआप नाही आलं, फार हळू आलं, पण आलं. दारातून ओसरीत, वॉकर पुढे, पाऊल, वॉकर पुढे, पाऊल. मागून चाचींचा मोकळा हात हवेत चालला होता, चाचांच्या पाठीपासून वीतभर लांब. मी पुढे होऊ लागलो तर म्हणाले, "हट बे समोरून."

भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी माझ्या खिशातला पेन काढला. नाच्यावर काट मारली. वर, उजवीकडून डावीकडे, त्यांच्या उर्दूत एक शब्द लिहिला. मला वाचता येत नाही, पण तो बर्फ सारखा करणारा गाडीवाला आहे हे कळलं. ऑपरेटर वहीत काहीतरी लिहीत होता. हरकत घेतली नाही.

मग चाचांनी नखानं कागदाचा कोपरा उचलला. कागद अलगद सुटून आला. खळ कुठली, दोन टाचण्या होत्या. ते कागदाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.

"काऊन खोटं बोलला बे?"

पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझी मान पकडली होती. तीस वर्षांत त्यांना पुरवायला माझ्याजवळ एकही थाप नव्हती असा तो पहिलाच दिवस.

चाची कपडे हातावर घेऊन अजून तशाच उभ्या होत्या. वॉकर तर चाचांच्या हातात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आत गेल्या आणि ते सगळे कपडे रिकाम्या खाटेवर पसरले.