सूर्य उगवला की बिघडणारा रेडिओ

"सूर्य मावळला की तो बरा होतो," फ्राऊ केलर म्हणाल्या. "पण तोवर मी काय करू?"

खिडकीतल्या रेडिओतून सलग घरघर येत होती. तिच्यामागे कोणी तरी इंग्रजीत बोलतंय एवढं कळत होतं, काय बोलतंय ते नाही. हॅनोव्हरजवळच्या एका गावातलं हे स्वयंपाकघर. मी न्युरेम्बर्गहून आलो होतो, डिकीत मोजमापाचं सामान घेऊन. शेजारच्या छपरावर सोलर पॅनेल होती आणि त्यांचा इन्व्हर्टर आमच्या कंपनीचा होता.

इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलमधल्या डीसी विजेची घरात वापरायची एसी वीज करणारा डबा. त्यासाठी त्याच्या आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्यातून थोडे नको असलेले रेडिओ सिग्नलही बाहेर पडतात. ते किती पडतात हे मोजणं हे माझं काम.

इथे हिशेब सोपा होता. आमचे स्विच अठरा किलोहर्ट्झला चालायचे. अशा सिग्नलच्या पटीही हवेत जातात: छत्तीस, चोपन्न, असं करत वर. अकरावी पट येते एकशे अठ्ठ्याण्णववर. फ्राऊ केलर ऐकत होत्या ते ब्रिटिश लाँगवेव्ह स्टेशन नेमकं तिथेच लागायचं. ऊन असेपर्यंत इन्व्हर्टर चालणार, आणि तोवर रेडिओ घरघरणार.

मी श्टेफानला, माझ्या बॉसला, फोन केला.

"डबा नियमात बसतो?" त्याने विचारलं.

"बसतो. पण नियम घरातल्या मेन्सच्या वायरपुरता आहे. छपरावर जाणाऱ्या वायरचं मोजमाप त्यात धरतच नाहीत."

"आल्झो, तर मग बसतोच. त्यांना एक इंटरनेट रेडिओ पाठव आणि परत ये."

"त्यांच्या मुलाने दिलाय. कपाटात पडून आहे."

फ्राऊ केलर ऐंशी ओलांडलेल्या. दृष्टीच्या मधोमध त्यांना काही दिसत नसे. वाचन सुटलं होतं, टीव्ही सुटला होता. इंटरनेट रेडिओच्या स्क्रीनवरची बटणं दिसत नव्हती. जुन्या रेडिओचं एकच गोल बटण हाताला सापडायचं. त्या मूळच्या इंग्लंडच्या, लग्न करून इथे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्युनिकमधल्या मुलाचं म्हणणं असं, की रेडिओही नसेल तर एकटीने दिवसभर बसायचं कशाला? त्याच्या घराजवळच्या आल्टर्सहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, त्याने खोली धरून ठेवली होती. महिनाअखेर हो की नाही सांगायचं होतं.

"तिथली कॉफी चांगली असते म्हणे," त्या म्हणाल्या. "सगळे कॉफीचंच सांगतात. म्हणजे बाकी सांगण्यासारखं काही नसणार."

मी शेजारी गेलो. पॅनेलचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आधी इन्व्हर्टरजवळच्या वायरींवर फेराइटच्या कड्या बसवल्या. या चुंबकीय कड्या नको ते सिग्नल अडवतात. इतक्या खालच्या फ्रीक्वेन्सीला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे मला माहीत होतं. तरी करून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मग मी वायरींचा मार्ग पाहायला मागितला.

"पाहा की," हेर ब्रांट खुशीत म्हणाले. "जोडणी इलेक्ट्रिशियनने केली, पण वायर मी टाकल्या."

काम देखणं होतं. प्लसची लाल वायर छपराच्या डाव्या कडेने, मायनसची काळी उजव्या कडेने. दोन्ही पट्टीत बसवलेल्या, जागोजागी छापील लेबलं. चुकूनही एकमेकींना लागू नयेत, म्हणून दोघींमध्ये अख्खं घर.

घोटाळा तिथेच होता. जाणारी आणि येणारी वायर शेजारीशेजारी असली की दोघींचे परिणाम एकमेकांना जवळपास मारून टाकतात. लांब ठेवल्या की मधे मोठा फास तयार होतो आणि तो अँटेनासारखा वागतो. हेर ब्रांट यांनी घराएवढी अँटेना बांधली होती, आणि ती लेबलं लावून.

मी हे जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं.

"म्हणजे माझं काम चुकीचं?"

"नाही. नियमात बसतं."

"मग? त्यांचा रेडिओ माझ्यापेक्षा जुना आहे. तो बदला."

छप्पर त्यांचं होतं. मी सक्ती करू शकत नव्हतो. एवढंच म्हणालो, की इन्व्हर्टर थोडा वेळ बंद करा आणि माझ्याबरोबर शेजारी चला. त्यांनी स्वतः स्विच पाडला.

स्वयंपाकघरात आवाज स्वच्छ येत होता. एक माणूस संथपणे समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेऊन वारा आणि लाटा सांगत होता. जहाजांसाठीचं हवामान.

"तुमचं जहाज आहे का?" हेर ब्रांट यांनी विचारलं.

"नाही. पण आज कोणी बुडणार नाहीये एवढं कळतं." फ्राऊ केलर यांनी कप पुढे सरकवले. "हे मी लहानपणापासून ऐकते. आमच्या खेड्यात वीज नव्हती. रेडिओ ॲसिडच्या बॅटरीवर चालायचा. काचेचं भांडं, वर दांडी. दर शनिवारी सायकलच्या दुकानात चार्ज करायला न्यायचं. फ्रॉकला लागलं तर भोक."

"आमच्याकडेही वर्कशॉपमध्ये होती तसली," हेर ब्रांट म्हणाले.

"मग तुम्हाला माहीत आहे. चार्ज पुरवून वापरायचा. सकाळी बातम्या, घड्याळ लावायचं, की बंद. मग कारखान्यातल्या कामगारांसाठी गाणी लागायची. तेवढ्यात आई इस्त्री उरकायची. दुपारी लहान मुलांची गोष्ट. संध्याकाळी नाचाचं संगीत, पण ते आठवड्याच्या सुरुवातीलाच. रात्री विनोदी कार्यक्रम. त्याला वडील बूट काढून बसायचे. शुक्रवारी आवाज बारीक बारीक होत जायचा आणि विनोदाच्या मधेच संपायचा."

"मग?"

"शेजारी मिस्टर पिम होते. त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या. ते आपला रेडिओ खिडकीत आणून ठेवायचे, तोंड आमच्याकडे करून. आम्ही आमची खिडकी उघडायचो. जानेवारीतसुद्धा."

"तुम्ही सांगायला जायचात त्यांना?"

"छे. भिंत एकच होती. आमचा बंद पडला की त्यांना कळायचं."

हेर ब्रांट यांनी चहात साखर घातली आणि बराच वेळ ढवळली.

"मला वाटलं, तुमचा रेडिओच खराब झाला," ते म्हणाले.

"मलाही वाटलं. मी बॅटऱ्या बदलून पाहिल्या."

ते उठले. "उद्या पाऊस नाही. आठ वाजता शिडी लावतो. हेर भिडे, तुम्ही खाली उभे राहून वायर द्यायची. लेबलं मीच लावणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही काळी वायर उजवीकडून काढली आणि लाल वायरीला चिकटवून बांधली. जोडणी इलेक्ट्रिशियनने येऊन केली. दुपारी लख्ख ऊन होतं. मी पुन्हा मोजलं. सिग्नल बावीस डेसिबलने उतरला होता, म्हणजे बाराव्या हिश्श्याच्या आसपास आला. शून्य नाही झाला. निवेदकाच्या मागे बारीक गुणगुण राहिलीच. ती काढायची तर स्विचची फ्रीक्वेन्सी बदलावी लागली असती, आणि त्यासाठी सगळ्या चाचण्या पुन्हा.

हे मी फ्राऊ केलर यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या रेडिओला कान लावून बसल्या. हेर ब्रांट दारात उभे होते, शिडीची धूळ झटकत.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मिस्टर पिमच्या खिडकीतून आवाज याहून कमी यायचा."

मग त्यांनी मला मुलाचा नंबर लावून द्यायला सांगितला. फोन लांबला नाही. खोली दुसऱ्या कोणाला द्या, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

परतल्यावर श्टेफानने रिपोर्ट मागितला. "बिघाडाचं कारण काय लिहिलंस?"

"बिघाड नव्हता. वायर फार नीट लावल्या होत्या."

"असं लिहिता येत नाही."

"मग मॅन्युअलमध्ये लिहू. प्लस आणि मायनस जोडीने न्या."

त्याला पुष्कळ महिने गेले, पण ते वाक्य छापलं गेलं.

पुढे मी स्वतःच्या घरावर पॅनेल बसवली. इलेक्ट्रिशियनने वायर दोन कडांनी, अगदी सुबक नेल्या होत्या. मी त्या काढायला लावल्या. बायको म्हणाली, "अहो, आपल्या शेजाऱ्यांकडे रेडिओ तरी आहे का?" मी जाऊन विचारून आलो. नव्हता. वायर तरीही एकत्रच ठेवल्या, कारण घर विकून शेजारी बदलतात, आणि छपरावर दर वेळी कोण चढणार.