मोहाला बांधलेलं लाल फडकं

गुडघ्यांनी पळणं बंद करायला लावलं तेव्हा मी सायकल घेतली. वळलेल्या हँडलची, जाड टायरची, गिट्टी-मुरुमावर चालणारी. महिन्याभरात ती जिन्याखाली पडेल असं घरच्यांचं भाकीत होतं. चार वर्षं झाली, ती तिथे फक्त झोपायला जाते.

सुरुवातीला मी बिरसी विमानतळाच्या रस्त्याला जायची. सपाट डांबर, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, वर विमान शिकणाऱ्यांच्या चकरा. तीच उंची, तेच वळण, दिवसभर. ते बघून मलाच गुदमरायला व्हायचं. घरी बसलं की पाय हलत राहायचे, जेवताना पुढच्या रविवारचा रस्ता डोक्यात असायचा. मग मी जिल्ह्याच्या दक्षिणेला सरकले. इटियाडोह धरणाच्या आसपास टेकड्या आहेत, जंगल आहे, बैलगाड्यांच्या जुन्या वाटा आहेत. अर्जुनीला धाकट्या बहिणीकडे मुक्काम करायचा आणि उजाडताना निघायचं, अशी सवय लागली.

या मार्चमध्ये नागपूरचे अकरा जण आमच्याकडे सायकली घेऊन येणार होते. रस्ता मी ठरवायचा होता. टेकड्यांत मोबाइलला नेटवर्क नसतं, म्हणून वळणावळणावर खुणा करायचं ठरवलं. जुना लाल परकर कापून नऊ पट्ट्या काढल्या आणि बुधवारी दुपारी जाऊन बांधल्या. सहा सागांना, एक ऐनाला, आणि वाट जिथे फुटते तिथल्या मोहाच्या जोडीला दोन. वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली. त्या मोहांखालचा तुकडा तर सगळ्या रस्त्यात उत्तम होता. पाचोळा नाही, काटा नाही, अंगणासारखी साफ जमीन. असा रस्ता शोधल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

शनिवारी सकाळी शेवटची तपासणी करायला गेले. मोहांखाली फुलांचा थर पडला होता. वरची फुलं पिवळी, रसरशीत. खालची काळी पडलेली. आंबूस वास, हरणांच्या खुरांचे ठसे. दहा पावलांवर दगडावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. शेजारी रिकामी टोपली पालथी घातलेली.

तिने आधी सायकल बघितली, मग माझं हेल्मेट.

"हा फडका तुमीच बांधला का?"

मी हो म्हटलं.

"मंग वेचाले काऊन नाही आल्या? तीन दिस झाले. बांधला तं वेचाले पाहिजे. सारा पडून सडून राहिला."

मी म्हटलं, मला मोह नको, उद्या सायकली येणार आहेत, त्यांना वळण कळावं म्हणून बांधलंय.

"सायकलीले झाड लागते का?" ती म्हणाली.

मग एकेक कळत गेलं. जंगलातलं मोहाचं झाड कागदावर कोणाचंच नसतं. पण जी बाई त्याच्याखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करते आणि खोडाला काही बांधते, त्या हंगामापुरतं ते तिचं. बांधलेल्या झाडाखालचं फूल दुसरं कोणी उचलत नाही. ही दोन झाडं ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिची. सगळ्या टोल्याला, म्हणजे तिच्या वस्तीला, ठाऊक होतं, म्हणून अलीकडे तिने बांधणंही सोडलं होतं. गुरुवारी पहाटे ती आली, दोन्ही खोडांना लाल फडकं बघितलं आणि रिकामी टोपली घेऊन परत गेली. मोह असा जेमतेम पंधरा दिवस भरात पडतो. त्यातले दोन मी खाल्ले होते, तिसरा चालू होता.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. तिचा संशय धाकट्या जावेवर गेला होता. होळीला दोघींचं वाजलं होतं, त्यामुळे सूड उगवला असं तिला वाटलं. हातपंपावर चार बायांसमोर तिने जावेला चोरटी म्हटलं. जाव शपथा घेत राहिली, कोणी ऐकलं नाही. आज ही चोराला रंगेहाथ धरायला बसली होती, आणि चोर आला तो हेल्मेट घालून.

ते फडकं आत्ताच्या आत्ता काढून टाका, मी म्हटलं. ती जागची हलली नाही.

"तुमीच सोडा. दुसऱ्याचा बांधलेला आमी सोडत नाही."

दुहेरी गाठ दवाने आवळली होती. शेवटी टायर काढायची पट्टी घालून सोडवली. दोन्ही लाल पट्ट्या खिशात कोंबल्या. तोवर तिने टोपली सरळ करून माझ्यापुढे सरकवली होती.

मी बसले. आदल्या दिवसांची फुलं बाजूला लोटायची, आजची टोपलीत. अर्ध्या तासात गुडघे बोंबलायला लागले. पुढच्या सात खुणा डोळ्यांसमोर, ऊन चढतंय, आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. तिच्या दोन ओंजळी व्हायच्या तेव्हा माझी एक.

"तुमचा जीव एका जागी लागत नाही का वं बाई?"

नाही लागत, मी म्हटलं. ती हसली नाही.

वेचता वेचता जमिनीकडे नीट लक्ष गेलं. ती अशी गुळगुळीत आपोआप नव्हती. माझ्या रस्त्याचा सगळ्यात चांगला तुकडा म्हणजे तिने झाडून ठेवलेलं वेचायचं अंगण होतं. उद्या सात वाजता अकरा सायकलींची बावीस चाकं तिच्या फुलांवरून गेली असती. सातपर्यंत तुमचं आवरतं का, मी विचारलं. नऊ वाजतात, ती म्हणाली. म्हणजे रस्ता रद्द.

टोपली भरली तरी तिने मला सोडलं नाही. टोल्यावर चला, म्हणाली. जाव अंगणात मोह वाळत घालत होती. मी पट्ट्या खिशातून काढून सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मोठीला म्हणाली:

"मले हातपंपावर चोरटी म्हनली. मंग आता घरात कायले सांगून राहिली? हातपंपावरच सांग."

तिचं बरोबर होतं. आम्ही तिघी हातपंपावर गेलो. तिथे पाणी भरणाऱ्या बायांना मी तेच पुन्हा सांगितलं, एका हातात सायकल, दुसऱ्या हातात परकराच्या चिंध्या. एकीने विचारलं, परकर तुमचाच का? मी हो म्हटलं. त्या पोट धरून हसल्या. जाव हसली नाही. मोठीने जावेची घागर पंपाखाली ओढली आणि भरून दिली. जावेने घागर उचलली आणि निघून गेली.

दुपारभर मी नवा रस्ता शोधत फिरले. मोहांच्या डावीकडून नाल्यातून एक वाट निघत होती. चार किलोमीटर जास्त आणि सगळी दगडांची. दुसरी नव्हती.

रविवारी फाट्यावर खूण म्हणून मीच उभी राहिले. वीस-पंचवीस मिनिटं एका जागी. एकेक जण येत होता, मी हात डावीकडे करत होते, आणि प्रत्येक जण दगड बघून तोंड वाकडं करत होता. उजवीकडे मोह दिसत होते. दोन झाडं, दोन टोपल्या, एकमेकींकडे पाठ करून दोन बाया वाकलेल्या. बोलत होत्या की नाही, ते तिथून कळत नव्हतं.

शेवटचा सायकलवाला थांबला. त्याची एक ट्यूब आधीच गेली होती.

"मॅडम, उधर का रास्ता तो एकदम साफ दिख रहा है."

"हाँ," मी म्हटलं, "किसी ने साफ किया है."

त्याला डावीकडे लावलं, आणि त्याच्या मागे मीही सायकल दगडांत घातली.