खांद्यावरचा हात

कारागिराचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या शरीरांची मापं घेण्यात गेलं. हॉस्पिटलच्या मागच्या वर्कशॉपमध्ये तो वाकड्या पाठींसाठी चामड्याचे पट्टे आणि तुटल्या पायांच्या थोटकांवर बसणाऱ्या चामड्याच्या वाट्या बनवायचा. प्लास्टरच्या साच्यावर भिजवलेलं चामडं ताणायचं, हाडाच्या पट्टीने घासून बसवायचं आणि सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

मास्तर भूगोल शिकवायचे. दोघं बावीस वर्षं एका घरात, एका खोलीत राहिले. शेजारीपाजारी ‘सडाफटिंग जोडी’ म्हणून चिडवायचे, आणि यांनाही ते सोयीचंच होतं. खरं काय ते चारचौघांत सांगण्याची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

जे सांगायचं ते कारागिराने चामड्यात सांगितलं. मास्तर उघड्या अंगाने, मांडीवर वह्या घेऊन तपासत बसायचे आणि तो त्यांच्या छातीचा, खांद्यांचा साचा घ्यायचा. ओल्या प्लास्टरखाली कुडकुडत मास्तर म्हणायचे, भूगोलात याला हिमयुग म्हणतात. लहानपणी मोडून जुळलेल्या गळ्याजवळच्या हाडाचा उंचवटासुद्धा साच्यात उतरला. मग कारागिराने त्या साच्याच्या डाव्या खांद्यावर स्वतःच्या पंजाचा साचा ठेवला आणि दोन्हींवरून एकच अखंड चामडं ताणलं. पंजा वेगळा करून शिवता आला असता की, मास्तर म्हणाले.

“जोड दिला की तिथूनच उसवतं,” कारागीर म्हणाला.

कुणी घरी आलं की दोघं त्या चामड्याच्या पुतळ्याला शर्ट घालायचे.

मास्तर एक दिवस वर्गातच कोसळले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात कारागिराने ‘शेजारी’ लिहिलं. त्या शब्दाची लाज त्याला आजही वाटते. मास्तरांची बहीण आली, पुस्तकं बांधली, कपाट रिकामं केलं. पुतळ्याचा शर्ट काढला आणि हुंदका देऊन म्हणाली, हा तर दादाच, हा मी नेणार. नाही म्हणायला कारागीर कोण लागत होता? चामड्याला दरवर्षी तेल पाजावं लागतं आणि ते मलाच जमेल, एवढंच बोलून त्याने वर्षातला एक दिवस पदरात पाडून घेतला.

पहिल्या वर्षी बहिणीने पाहुण्यांना सांगितलं, हे दादाचे मित्र. दुसऱ्या वर्षी तो ‘दादाबरोबर राहायचे ते’ झाला, आणि तिसऱ्या वर्षी ‘तेल लावणारा’. तो त्या छातीवरून, त्या उंचवट्यावरून तासभर फडकं फिरवायचा, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. मास्तर जिवंत असताना हे त्याला कधी करता आलं नव्हतं.

चौथ्या वर्षी हात नव्हता. डाव्या खांद्यावर ओबडधोबड कडांचं भोक होतं.

मुलीच्या सासरचे आता येतात-जातात, बहीण म्हणाली. जो तो विचारतो, हा हात कोणाचा. सुताराकडून करवतीने कापून घेतला, पण भोक वाईट दिसतं.

“तेवढं तुम्ही नीट करून द्या.”

कारागिराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठून चालतं व्हायला हवं होतं. पण मास्तरांना असं भोकासकट लोकांसमोर सोडून जाणंही त्याच्याच्याने होईना. त्याने पिशवीतून त्याच रंगाचा तुकडा काढला, कडा तासल्या, आणि जन्मभराची कारागिरी पणाला लावून ठिगळ शिवलं. बहिणीने त्यावरून बोटं फिरवली. कळतसुद्धा नाही, म्हणाली.

तो निघाला तेव्हा तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं.

“हे तुमचं,” ती खाली बघत म्हणाली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

घरी येऊन त्याने पुडकं सोडलं. पंजा टेबलावर सपाट बसेना, डुगडुगत राहिला. त्याने शर्ट काढला आणि पंजा स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवून पाहिला. तिथेही बसला नाही. मास्तरांचा खांदा रुंद होता.