इलाकाकूंची खिंड

आयसेलिनला ओक ट्री रोडच्या मागच्या अंगाला टाउनहाउसची एक वस्ती आहे. तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या अध्यक्षपदी इला खासनीस निवडून आल्या, तेव्हा बहुतेकांना वाटलं की काकूंना वेळ जात नसेल. नवरा गेलेला, मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला, साडीच्या दुकानातली नोकरी गुडघ्यांपायी सुटलेली. बिचारी बाई दुसरं करणार काय? काकू काय करणार होत्या याची कल्पना फक्त एकाच माणसाला आली असती, आणि तो माणूस भिंतीवरच्या फ्रेममध्ये जाऊन बसला होता.

संजयराव खासनीस रस्तेखात्यात ड्राफ्ट्समन होते. पुलांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली, पण जीव रमायचा तो रोमन लोकांत. लायब्ररीत जुनी पुस्तकं विकायला काढली की हे पिशव्या भरभरून रोमचा इतिहास घरी आणत. रविवारी सकाळी इलाकाकू ओट्यापाशी असल्या की डायनिंग टेबलावर लढाई मांडली जाई. राजमा म्हणजे रोमन, मसूर म्हणजे शत्रू, आणि हॅनिबलचे हत्ती म्हणजे खारका. काकू वैतागून म्हणत की अहो, कुकर लावायचाय, तुमचं सैन्य द्या इकडे. ते म्हणत, जरा थांब, आत्ताच वेढा पडलाय. काकूंना त्यातलं अर्धं कळे, अर्धं कानावरून जाई. पण चाळीस वर्षं कानावरून गेलेलं कुठेतरी साठून राहिलंच.

मग संजयरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, घरात चाकांची खुर्ची आली. दारापुढच्या तीन पायऱ्या म्हणजे डोंगर होऊन बसल्या. पायऱ्यांवरून लाकडी रॅम्प घालायचं ठरलं, तेव्हा इलाकाकूंनी मेलबॉक्सपाशी शैलेंद्रला गाठलं. शैलेंद्र नागपूरचा, आयटीतला मोठा मॅनेजर, समोरच्याच रांगेत राहणारा, आणि त्या वेळी असोसिएशनचा अध्यक्ष. बायको भारतात गेली की खासनीसांकडे हक्काने जेवायला येणारा. त्याने हातातली पत्रं चाळत चाळत सांगितलं, "काकू, घाला ना बिनधास्त. अर्जाचं नंतर बघू. आपलीच माणसं आहोत यार."

रॅम्प झाला. संजयराव रोज उतरून झाडाखाली बसू लागले. महिना झाला नाही तोच शेजारी घर विकायला काढलेल्या एका कुटुंबाने तक्रार केली की त्या फळ्यांमुळे गिऱ्हाईक मागे फिरतं. असोसिएशनचं पत्र आलं: लेखी परवानगी नाही, बांधकाम काढून टाका. काकू धावत शैलेंद्रकडे गेल्या. तो म्हणाला की मी ऑफिशियली तसं बोललो नव्हतो, आणि आता असोसिएशनच्या बोर्डापुढे माझे हात बांधलेत. दोन दिवसांनी तो स्वतःहून आला, फार खुशीत होता. त्याने मधला मार्ग काढला होता. रॅम्प काढायचा, दंड माफ, फक्त काकांनी पुढच्या मीटिंगमध्ये एक छोटंसं माफीपत्र वाचायचं, म्हणजे बाकीचे सोकावणार नाहीत. पत्र त्याने टाइप करूनही आणलं होतं.

क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. इलाकाकूंनी चाकांची खुर्ची पुढे नेऊन उभी केली. सहा ओळींचा कागद. संजयरावांनी डाव्या हातात धरून वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीत 'व्हायोलेशन' या शब्दाशी जीभ अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली. सगळे आपापल्या मांडीकडे बघत होते. तेव्हा टेबलामागून शैलेंद्रने मऊ आवाजात, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, "व्हायोलेशन, काका." वाचन संपल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चांगुलपणानेच वाजवल्या असतील.

घरी आल्यावर संजयरावांनी राजम्याची बरणी मागितली. स्टीलच्या डब्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावायला सांगितल्या, आणि डाव्या हाताने एकेक दाणा मधल्या बोळात सरकवत, अडखळत अडखळत बायकोला कॉडियमची गोष्ट सांगितली.

ख्रिस्ताच्या आधी तीनशे वर्षं. इटलीतल्या डोंगरात सॅमनाइट नावाचे लोक होते, रोमनांचे हाडवैरी. त्यांनी काही सैनिकांना मेंढपाळांचे कपडे चढवून रस्त्यात सोडलं. जो भेटेल तो मेंढपाळ एकच थाप मारी की सॅमनाइट फौज लांब गेलीय. रोमन फसले आणि जवळच्या वाटेने खिंडीत शिरले. पुढचं तोंड झाडं आणि धोंडे टाकून बंद, मागचंही बंद. सगळं सैन्य आयतं हातात सापडलं. आता यांचं करायचं काय? सॅमनाइट सेनापतीने आपल्या म्हाताऱ्या बापाला विचारायला माणूस पाठवला. बापाचा निरोप आला, सगळ्यांना मानाने सोडून द्या. पोराला पटेना, पुन्हा विचारलं. निरोप आला, मग एकूण एक कापून काढा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. त्याला गाडीत घालून आणलं, तेव्हा तो म्हणाला, सोडलंत तर जन्माचे मित्र होतील, मारलंत तर रोम कित्येक वर्षं उठणार नाही. तिसरा सल्ला माझ्यापाशी नाही.

"पण पोरगा हुशार," संजयराव म्हणाले. "त्याने मधला मार्ग काढला."

त्यांनी उदबत्तीच्या तीन काड्या मागून घेतल्या. दोन उभ्या, एक आडवी. दोन भाले रोवून वर तिसरा बांधलेला, त्याला रोमन जू म्हणत. अंगावर एकच वस्त्र ठेवून सबंध सैन्याला, सेनापतींसकट, वाकून त्याच्याखालून जायला लावलं आणि मग घरी पाठवलं. राजम्याचे दाणे काड्यांखालून एकेक करून गेले.

"शैलेंद्रने मला सोडलं नाही, मारलंही नाही," ते म्हणाले आणि तोंडाच्या डाव्या बाजूने हसले. "चुकला बघ."

त्यांनी थट्टेत म्हटलं होतं. काकूंनी मात्र विचारलं, मग पुढे रोमनांनी काय केलं? परत आले, ते म्हणाले. तह झुगारला, सॅमनाइटांना हरवलं, त्यांनाही जुवाखालून घातलं. आणि शेवट? संजयरावांनी हातातला दाणा खाली ठेवला. शेवट दोन-अडीचशे वर्षांनी झाला. सुल्ला नावाच्या सेनापतीने हजारो सॅमनाइट कैदी खुद्द रोममध्ये आणून कापले. शेजारच्या देवळात सिनेटची बैठक चालू होती. किंकाळ्या ऐकून सगळे चुळबुळायला लागले, तेव्हा सुल्ला म्हणाला की तिकडे लक्ष देऊ नका, काही वाईट लोकांना समज दिली जातेय. आणि त्याने भाषण पुढे चालू ठेवलं.

"हे मी टेबलावर कधी मांडत नाही," संजयराव म्हणाले, आणि राजमा बरणीत भरायला सांगितला.

मीटिंगनंतर रॅम्प काढला गेला, आणि मग ते घराबाहेर दोनदाच पडले, दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्समधून. दुसऱ्यांदा गेले ते परत आले नाहीत. बर्फ अजून वितळायचं होतं.

त्या उन्हाळ्यात दुकानात पैठणी बघायला आलेल्या एका वकीलबाईने गप्पांच्या ओघात सांगितलं की आजारी माणसाचा रॅम्प असा कुणाला अडवता येतच नाही, कायदा आहे तसा. इलाकाकू ती पैठणी पुन्हा पुन्हा घडी करत राहिल्या. कोर्टात जा, असं मुलीने सुचवलं. काकूंनी नको म्हटलं. कोर्ट भरपाई देईल, ती शैलेंद्रच्या खिशातूनसुद्धा जाणार नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. शैलेंद्रने त्याच क्लबहाउसमध्ये, त्याच जागी उभं राहून, तसाच कागद वाचायला हवा होता.

मग त्या मीटिंगांना जाऊ लागल्या. असोसिएशनचे नियम ओळीवर बोट ठेवून पाठ केले. कुणाच्या छतातून पाणी गळतं, कुणाला पार्किंगची दुसरी जागा हवी, कुणाच्या दारापुढचं बर्फ शेवटी उचललं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोमन पुढाऱ्यांच्या दारात लोक सकाळी उठून मुजऱ्याला जात, असं संजयराव सांगत. काकू स्वतःच दारोदार गेल्या, शिऱ्याचा डबा घेऊन. आधी त्या बोर्डावर आल्या आणि मग, लोकांनी दिलेल्या प्रॉक्सी मतांच्या जोरावर, अध्यक्ष झाल्या. शैलेंद्रने तोवर पद सोडलं होतं. निवडीच्या दिवशी त्यानेच उठून चार कौतुकाचे शब्द काढले आणि 'आपल्या सगळ्यांच्या काकू' असं म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही आठवण नव्हती. तो विसरून गेला होता. इलाकाकूंना त्या दिवशी रॅम्प तोडला त्या दिवसापेक्षा जास्त राग आला.

संजयरावांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या सप्टेंबरात शैलेंद्र मेलबॉक्सपाशी भेटला. त्याची आई नागपूरहून कायमची येणार होती. तिला थंडी सोसत नाही, म्हणून मागच्या बाजूला काचेची खोली काढायची होती, हिवाळ्यात उन्हात बसायला. कॉन्ट्रॅक्टर याच आठवड्यात मोकळा होता. "अर्ज टाकतोच आहे काकू, पण तोवर सुरू केलं तर चालेल ना?"

काकूंना डोंगरातले मेंढपाळ आठवले.

"कर की रे," त्या म्हणाल्या. "थंडीच्या आत उरकून घे. अर्जाचं नंतर बघू. आपलीच माणसं आहोत."

तो हसला, थँक्यू म्हणाला. आपलेच शब्द परत मिळालेत हे त्याला कळलं नाही. अर्ज काही त्याने टाकला नाही. कामाच्या धबडग्यात असणाऱ्या माणसाला काकूंचा शब्द पुरेसा वाटला. खोली उभी राहत होती आणि इलाकाकू शाल गुंडाळून रोज तिच्यावरून फिरायला जात होत्या, काच छान आहे म्हणून सांगत होत्या. खोलीची एक बाजू सामाईक जागेत हातभर पुढे आली, तेही त्यांनी पाहिलं. आई आली, काचेत वेताच्या खुर्चीवर बसून वाती वळू लागली. त्यानंतर असोसिएशनचं पत्र गेलं.

शैलेंद्र त्याच संध्याकाळी आला. आधी चढ्या आवाजात बोलला, मग खालच्या. तुम्हीच हो म्हणाला होतात, असं त्याने दोनतीनदा सांगितलं.

"कुठे लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे काकांच्या रॅम्पवरून आहे का? काकू, मी तेव्हा दंडसुद्धा माफ केला होता. मधला मार्ग काढला होता."

"हो ना. म्हणून तर मी अजून इथे आहे."

मग तो खुर्ची ओढून समोर बसला. तो म्हणाला की मी मीटिंगमध्ये माफी मागतो. कागद तुम्ही लिहा, हवं ते लिहा, मी वाचतो. काकांच्या जागी उभा राहून वाचतो. हवा तो दंड लावा. फक्त खोली राहू द्या.

सहा वर्षं उशाशी घेऊन झोपलेली गोष्ट त्याने अशी आणून पुढ्यात ठेवली. इलाकाकूंनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. तो सुंदर वाचेल. एकाही शब्दावर अडणार नाही. लोक टाळ्या वाजवतील. मग तो समोरच्या घरात जाईल, आणि ज्या दिवशी काकूंचं काही चुकेल त्या दिवसाची वाट बघत बसेल, जशी त्यांनी पाहिली होती. म्हाताऱ्याचा पहिला सल्लाही होता. जा बाबा, बसू दे आईला उन्हात, एवढं म्हणायचं होतं. काकूंनी तो मनातल्या मनात उचलून पाहिला आणि होता तिथे ठेवून दिला.

"मला माफी नको," त्या म्हणाल्या. "खोली काढ."

"आई बसते तिथे, काकू."

"संजयरावही बसायचे. दाराच्या आतल्या बाजूला."

बोर्डाने नियमाप्रमाणे मत दिलं. काढायची मुदत मार्चअखेरची होती. शैलेंद्रने वकिलांची दारं झिजवली, पण सामाईक जागेतल्या त्या हातभर बांधकामाला कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्याने घरच विकायला काढलं, आणि गिऱ्हाईक मिळायला आधी खोली पाडणं आलं.

ती पाडायला माणसं आली, नेमकं त्या शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये बोर्डाची मीटिंग होती. विषय पुढच्या हिवाळ्यातलं बर्फ उचलण्याच्या कंत्राटाचा. बाहेर करवत सुरू झाली. मग हातोडे. मग मोठी काच खाली आली, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. सेक्रेटरी रेणू इथेच जन्मलेली, एरवी काकूंच्या शब्दाबाहेर नसलेली. ती खिडकीतून बघत होती.

"काकू, त्याची आई बाहेर उभी आहे. शाल घेऊन, गवतात," ती म्हणाली. "शुड वुई स्टॉप? थोडा वेळ?"

इलाकाकूंनी मान वळवली नाही.

"तिकडे लक्ष देऊ नका," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे काम चाललंय. पुढचा मुद्दा घ्या."

शब्द तोंडातून गेले आणि ते कुणाचे आहेत हे त्यांना ओळखू आलं. त्यांनी ते मागे घेतले नाहीत. रेणूने उठून खिडकी लावली आणि कंत्राटाचा कागद वाचायला घेतला. वाचताना तिचा आवाज अडखळत होता. कुणी तिला शब्द सांगितला नाही.

घरी येऊन इलाकाकूंनी राजम्याची बरणी खाली काढली. कॉडियमच्या गोष्टीनंतर तिला हात लागला नव्हता. सगळा राजमा धुऊन भिजत घातला, आणि दुसऱ्या दिवशी कुकरला लावला. इतका जुना दाणा, शिट्टीमागून शिट्टी झाली तरी शिजेना. खिडकीतून समोर विक्रीची पाटी दिसत होती. काकूंनी झाकण उघडून एक दाणा बोटांत दाबून पाहिला, पुन्हा पाणी घातलं, आणि गॅस मोठा केला.