पितृपक्षात राहून गेलेला चेक

गायधनी काकांनी आधी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि मग चेक.

"मॅडम, तोंड गोड करा आणि रिन्यूअल करून टाका. आज घटस्थापना आहे, दिवस चांगला आहे."

मी पॉलिसीची मुदत पाहिली आणि हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

"काका, ही मागच्या आठवड्यात संपली."

"माहितीये ना. पण पितृपक्ष चालू होता."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की पितृपक्षात सरकारी विमा कंपनीही बंद असते असं कोणालाही वाटावं.

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारलं होतंत की आजी ऑफिसात नेमकं काय करायची. मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या ऑफिसात मेडिक्लेमच्या टेबलावर बसायची. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट आहे. मेडिक्लेम म्हणजे आजारपणाचा विमा. वर्षाचा हप्ता भरायचा, वर्षभरात हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर खर्च कंपनीने द्यायचा. वर्ष संपायच्या आत पुढचा हप्ता भरायचा, म्हणजे रिन्यूअल. तेवढं एक वेळेवर केलं की बाकी सगळं आमच्याकडे.

वेळेवर केलं नाही तर 'ब्रेक' पडतो. ब्रेक पडला की जुनी पॉलिसी संपली, पुन्हा नव्याने अर्ज. नव्या अर्जात आधीपासून असलेले आजार धरत नाहीत. आणि ठरावीक वय उलटलं की नवा अर्ज घ्यायचाच नाही, असा तेव्हाचा आमचा नियम होता. चालू पॉलिसी मात्र त्या वयानंतरही चालू ठेवता यायची. म्हाताऱ्या माणसाकडे असलेली पॉलिसी ही अशी वस्तू होती की एकदा हातातून सुटली की पुन्हा मिळणार नाही. गायधनी काका आणि काकू, दोघंही ते वय ओलांडून गेलेले.

काका अंबडच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. गेटपासशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही, हे ते दर वर्षी मला सांगायचे. एकच मुलगी, ती सुरतला. पेन्शन नाही. आजारपणात आधार म्हणून जे काही होतं ते ही पॉलिसी.

"आमची नोटीस आली होती ना?"

"आली होती. देव्हाऱ्याजवळ ठेवली होती."

"मग?"

"अहो, पितरांच्या दिवसांत आजारपणाच्या कागदावर सही करायची? हिच्या मनाला पटेना."

मी त्यांना ब्रेक म्हणजे काय ते समजावलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतका, की मला नवल वाटलं. दर वर्षी चार रुपये वाढले तरी भांडणारा माणूस नुसता चष्मा पुसत राहिला.

"काहीच नाही का करता येणार, मॅडम?"

करता येण्यासारखं एक होतं. त्याला आम्ही 'कंडोनेशन' म्हणायचो. म्हणजे थोड्या दिवसांचा उशीर असेल तर साहेबांनी तो माफ करायचा. त्यासाठी उशिराचं कारण सांगणारा अर्ज, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि मधल्या दिवसांत कोणताही आजार झाला नाही असं दोघांच्या सहीचं डिक्लरेशन लागायचं. मधल्या दिवसांत काही झालं असेल तर त्याची जबाबदारी कंपनी घेत नसे.

"उद्या काकूंना घेऊन या. सही त्यांचीही लागेल."

"ती कशाला? मी घरी जाऊन आणतो ना सही."

"माझ्यासमोर लागेल, काका."

ते गेले. पेढे टेबलावरच राहिले. शिपायाने वाटून टाकले.

दुपारी मी बोरसे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब सटाण्याकडचे, मनाने वाईट नाहीत. पण वर्षभर ऑडिटची उत्तरं लिहून लिहून माणूस जसा होतो तसे झालेले.

"कारण काय देताहेत उशिराचं?"

"पितृपक्ष."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मुंबईचा ऑडिटर विचारेल, पितरांचा ना हरकत दाखला जोडलाय का म्हणून."

"मग काय लिहू?"

"'घरगुती अडचण' लिहा. आणि सर्टिफिकेट नीट बघा. या वयाची माणसं उशिरा येतात ना, तेव्हा उशिरापेक्षा घाई कशाची आहे ते बघायचं."

हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं. दोन आठवडे थांबलेला माणूस घटस्थापनेच्या दिवशी घट बसायच्या आधी आमच्या दारात का उभा होता?

दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकू बुटक्याशा, नऊवारीतल्या. जिना चढून आल्यावर खुर्चीचा हात धरून थोडा वेळ उभ्याच राहिल्या. काकांनी सर्टिफिकेट पुढे केलं. त्यात दोघांची प्रकृती उत्तम होती.

मी डिक्लरेशन काकूंना मराठीत वाचून दाखवलं. "मधल्या दिवसांत तुम्हाला काही त्रास झाला होता का?"

"काही नाही, ठणठणीत आहे," काका म्हणाले.

"मी काकूंना विचारतेय."

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सर्वपित्रीला झालं थोडं."

"अगं, ते पित्त होतं!"

"पित्ताला कार्डिओग्राम काढतात का हो?"

काकूंनी सांगितलं ते असं. सर्वपित्री अमावास्येचा स्वयंपाक. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं एकटीने. पानं वाढायला उठल्या आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. डाव्या हाताला मुंग्या. शेजारच्यांनी रिक्षात घातलं, डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, जिभेखाली गोळी दिली आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. हे सर्टिफिकेट दुसऱ्याच डॉक्टरांचं होतं.

"आणि एक सांगते," काकू म्हणाल्या. "पितृपक्ष पितृपक्ष माझ्या नावावर खपवू नका. नोटीस आली त्या दिवशी मी म्हटलं होतं, भरून टाका. हेच म्हणाले, बाबांच्या तिथीआधी असला कागद नको."

"आता ते उगाळायची गरज आहे का इथे?"

"तुम्ही काल इथे उगाळलंत ना, माझं नाव घेऊन? घरी येऊन तुम्हीच सांगितलंत."

शेजारच्या टेबलावरच्या बाई फाइलमध्ये डोकं घालून हसत होत्या. मला हसू आलं नाही. अशी भांडणं मी खूप पाहिली होती, आणि त्यांच्या शेवटी मला एकच वाक्य बोलावं लागायचं.

मी ते बोलले. "हे लिहिलंत तर काकूंच्या हृदयाचा खर्च कंपनी यापुढे देणार नाही. कारण हा त्रास पॉलिसी बंद असताना झाला. बाकी सगळ्या आजारांसाठी दोघांची पॉलिसी चालू राहील."

"आणि नाही लिहिलं तर?" काकांनी आवाज खाली आणून विचारलं. "मॅडम, घरच्यासारखं विचारतो."

"तर आज सगळं मिळेल. पण उद्या काकूंना दाखल केलं की हॉस्पिटलवाले विचारणार, पहिल्यांदा कधी दुखलं? काकू खरं सांगणार. डॉक्टर लिहून ठेवणार. तो कागद आमच्याकडे येणार. मग हृदयाचं तर नाहीच, खोटं डिक्लरेशन म्हणून सगळी पॉलिसीच रद्द होईल. तुमचीही."

"म्हणजे खरं बोललं तर नुकसान आणि खोटं बोललं तर जास्त नुकसान."

"हो."

"मग फायदा कशात होता?"

"मागच्या आठवड्यात चेक देण्यात."

मी जरा तिखट बोलले असेन, पण दुसरं उत्तर नव्हतं. काका खिडकीबाहेर बघत राहिले. खाली ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "परवा ती जमिनीवर पडली होती आणि मला पहिली आठवण त्या नोटिशीची आली. तिची नाही. नोटिशीची."

काकूंनी चष्म्याची डबी उघडली. "लिहा हो मॅडम, जे झालं ते. नंतर आठवत बसायचं ओझं नको."

मी लिहिलं. काकूंनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. काकांनीही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचले, काकूंचं हृदय वगळण्याची अट घातली आणि उशीर माफ केला. पॉलिसी पुन्हा सुरू झाली ती नवीन तारखेपासून. मधल्या दिवसांचं संरक्षण गेलं ते गेलंच.

त्या हिवाळ्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याचे पैसे कंपनीने दिले. पुढच्या उन्हाळ्यात काकूंची अँजिओप्लास्टी झाली. त्याचे दिले नाहीत. मुलीने सुरतहून पाठवले आणि काकांनी गावाकडच्या जमिनीतला आपला वाटा भावाला विकला. क्लेम नाही, म्हणून हे आमच्या फाइलमध्ये कुठेच नाही. पुढच्या रिन्यूअलला आले तेव्हा काकांनीच सांगितलं. या खेपेला पेढे आणले नव्हते.

त्या वर्षी अधिक महिना आल्याने तारीख गणपतीत गेली होती. म्हणून काही अडचण आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी नोटिसा काढताना पाहिलं, तर तारीख पुन्हा पितृपक्षात. मी काकांना फोन केला. "बघतो," म्हणाले. तो 'बघतो' मला ओळखीचा होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी काकू एकट्याच जिना चढून आल्या. पिशवीतून चेक काढला.

"सही माझी आहे. जॉइंट अकाउंट आहे, चालतं ना?"

"चालतं. काकांना माहीत आहे?"

"ते भटजींची वाट बघताहेत. आज अविधवा नवमी. सासूबाईंचं आहे."

"मग तुम्ही अशा दिवशी कशा आलात?"

"सासूबाईंना सांगूनच आलेय. सकाळी फोटोसमोर हात जोडले आणि म्हटलं, तासाभरात येते, नैवेद्याला उशीर होईल. त्या काही बोलल्या नाहीत." त्यांनी पावती घेतली, घडी घालून कमरेला खोचली. "जाते. खीर गॅसवरून उतरवून आलेय."

माझी स्वतःची पॉलिसी आता ज्या महिन्यात संपते, त्याच्या आदल्या महिन्यात मी हप्ता भरते. तुमच्या बाबांना सांगा, माझ्या रिन्यूअलची आठवण करून द्यायला फोन नको. एखाद्या दिवशी सहज करावा.