मध्ये बोला, बाई

वाघमारे सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सदाशिव पेठेतल्या आमच्या कॉलेजात मी झाडलोट करायचे. एका संध्याकाळी पाच वाजून गेले तरी सर वादविवादाच्या मुलांना घेऊन हॉल अडवून बसले होते. मी दारातूनच ओरडले, "अहो, देश सुधारून झाला असेल तर मला झाडू द्या." स्टेजवरच्या मुलाला पुढचं आठवेना. सर मात्र खूश. म्हणाले, "बाई, उद्यापासून रोज या. मागे बसा आणि हे बोलायला लागले की मध्ये बोला."

शाळा चौथीत सुटलेल्या बाईला सरांनी असं कामाला लावलं. स्पर्धेत समोरच्या संघाला मध्येच प्रश्न टाकायची मुभा असते. चांगली चांगली मुलं तिथे कोलमडतात. सरांची शिकवण अशी, की कुणी मध्ये बोललं तर थांबायचं, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं. त्याचा प्रश्न त्याच्यापेक्षा नीट शब्दांत सगळ्यांना सांगायचा, एका दमात उत्तर द्यायचं आणि जिथे सोडलं तिथून पुढे जायचं. चिडायचं नाही. मला हे आजतागायत जमलेलं नाही. सर मला ते शिकवायच्या नादालाही लागले नाहीत. माझे टोमणे ते वहीत उतरवून घेत आणि मुलांना विचारत, "बाईंच्या बोलण्यातला मुद्दा कोणता?" आपल्या बोलण्यात मुद्दा असतो, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं.

पुढे माझी सुषमा त्याच कॉलेजात आली आणि सरांच्या संघात शिरली. तेव्हा जिकडे तिकडे संगणकाचे क्लास निघत होते. अंतिम फेरीचा विषयही तोच, संगणक शिकल्याशिवाय आता गत्यंतर नाही. सुषमा बाजूने बोलत होती. समोरचा मुलगा उठला. "ताईंनी संगणकाला कधी हात तरी लावलाय का?" हॉल हसला. तिने खरंच लावला नव्हता. ती थांबली, सरांनी शिकवल्याप्रमाणेच. पण मला कुठला धीर! मी मागच्या रांगेतून उभी राहिले. "तुझ्या बापाने तरी पाहिला होता का रे?"

सगळ्या माना माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. आता ही पोर मला ओळख दाखवायची नाही, आणि तिला दोष तरी कसा देऊ? हसणं ओसरेपर्यंत सुषमा उभी राहिली. मग म्हणाली, "माझी आई विचारते आहे, की आपल्या वडिलांच्या पिढीने संगणक पाहिला होता का. नव्हता पाहिला. मीही अजून हात लावलेला नाही. म्हणूनच शिकायला हवं, असं मी सांगत होते." आणि पुढे बोलत गेली.

प्रेक्षकांनी मदत केली तर संघ बाद, असा तिथला नियम. परीक्षक सोडून द्यायला तयार होते. म्हणाले, "आईच ती, राहवलं नसेल." सर उठले. "त्या नुसत्या आई नाहीत, आमच्या सरावातल्या आहेत. नियम लावा." करंडक गेला. परतताना सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट स्वतःच्या स्कूटरवरून आधी मला घरी सोडलं.

मी सरावाला जाणं बंद केलं. चौथ्या दिवशी सुषमाच मला न्यायला आली. "चल, सर खोळंबलेत. ते म्हणतात, तुझ्याइतकं खवचट बोलणारं दुसरं कुणी मिळत नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय वेगळं म्हणणार?"

सुषमा आता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. मीटिंगमध्ये साहेब मध्ये बोलला तरी ती गडबडत नाही म्हणे.

सर, आपल्याला साठ वर्षं झाली. सभासमारंभात लोक आपल्याला मोठमोठी विशेषणं लावतील, ती मला लिहिता येत नाहीत. भरल्या हॉलमध्ये माझी मुलगी मला आई म्हणाली, हे आपण तिला शिकवलंत, असं मी म्हणते. आपण म्हणता, "ते तिचं तिलाच सुचलं, बाई." मला काही हे पटत नाही, आणि आपणही हटत नाही. हा वाद इतक्यात मिटायचा नाही. तो चालवायला आपण पुष्कळ वर्षं धडधाकट राहा.